फुफीजानचा निंब आणि सातपुड्याचा पिंगळा

मे महिन्यात शहाद्याच्या रस्त्यावर दुपारी बारानंतर कुत्रेही दिसत नाही. अशा दिवसांत आम्ही डोंगर चढायला निघालो म्हटल्यावर मोहल्ल्यातल्या लोकांनी आम्हांला वेड्यात काढले. पण निघण्याचे कारण डोंगर नव्हता. कारण होते फुफीजानच्या अंगणातला निंब.

हा निंब फुफीजान लग्न होऊन आल्या तेव्हाही होता. वर, जिथे एक जाड फांदी कधीकाळी वादळात मोडली, तिथे ढोली पडली आहे आणि त्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. पिंगळा म्हणजे लहान घुबड. मगरिबच्या सुमारास दोघे बाहेर येतात, फांदीवर शेजारी शेजारी बसतात आणि भांडल्यासारखा चिरका आवाज काढतात. इतकी वर्षे त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. मागच्या थंडीत फुफासाहेब अल्लाहला प्यारे झाले. त्या रात्री पिंगळे फार ओरडले, असे फुफीजान सांगतात. दुसऱ्या दिवशी मय्यतीला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी वर पाहून म्हणाले, "घरावर घुबड बोललं की असंच होतं." ते वाक्य फुफीजानच्या मनात रुतून बसले. परीक्षा संपेपर्यंत त्या गप्प राहिल्या आणि मग एक दिवस लाकूडतोड्या येऊन झाड बघून गेला. मजुरी घ्यायची नाही, लाकूड न्यायचे, असा सौदा ठरला.

आमची मुलगी नववीत आहे. तिने ढोलीत पिल्लांचा आवाज ऐकला होता. ती रडवेली होऊन आली.

आम्ही दोघांनी फुफीजानना समजावून पाहिले. आधी कायदा सांगितला. 1975 पासून महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना संरक्षण देणारा कायदा आहे, नगरपालिकेची परवानगी लागते. त्या म्हणाल्या, "माझ्या अंगणातलं झाड, यात सरकार कुठून आलं?" मग आम्ही मशिदीच्या मौलानांना गाठले. त्यांनी अंगणात खाटेवर बसून शांतपणे समजावले. इस्लामपूर्व अरबांची समजूत होती की, खून झालेल्या माणसाचा बदला घेतला नाही तर त्याच्या डोक्यातून एक पक्षी निघतो आणि तहानेने ओरडत फिरतो. त्याला ते 'हामा' म्हणत. काही आलिमांच्या मते हामा म्हणजे घुबडच, ज्याच्या घरावर बसेल त्याच्या मौतीची खबर देणारे. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी अपशकुनाला काही हकीकत नाही असे सांगितले, त्यात या हामाचेही नाव घेतले. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. फुफीजाननी डोक्यावरची ओढणी सारखी करत सगळे ऐकून घेतले. मौलाना गेल्यावर म्हणाल्या, "ते म्हणतात ते बरोबरच आहे, बेटा. पण ती रात्र मी जागून काढली, त्यांनी नाही."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

डोंगराची कल्पना मुलीची. आपल्या शहाद्याच्या डोंगरात एक घुबड आहे, जे बघायला दुनियाभरातून लोक येतात, हे तिला शाळेत कळले होते. ते बघून यायचे आणि फुफीदादीला सांगायचे, असे तिने ठरवले. वही घेतली, एका दोस्ताची जुनी दुर्बीण मागून आणली. सहावीतला धाकटा बरोबर होताच.

तोरणमाळला जाणाऱ्यांना रस्ता माहीत आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, पुढे काळापाणी, मग सातपायरीचा घाट आणि वर पठार. गाडीने दोन तासांत माणूस यशवंत तलावावर पोहोचतो, भजी खातो आणि संध्याकाळी परत. आम्हांला मात्र खालचा भाग पायी बघायचा होता, कारण हे घुबड थंड पठारापेक्षा पायथ्याच्या आणि उताराच्या सागाच्या जंगलात जास्त सापडते. रात्री पायथ्याच्या एका पाड्यावर ओळखीच्या घरी मुक्काम केला. घर पावरा समाजाचे. अंगणात, छपरावर, जिथे जागा मिळेल तिथे कैरीच्या चिरा वाळत टाकलेल्या होत्या. धडगाव-अक्कलकुवा भागाचा आमचूर बाजारात जातो तो असा घराघरांतून तयार होऊन. सगळ्या पाड्याला आंबट वास होता.

फज्र अदा करून निघालो. प्रत्येकाजवळ दोन लीटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, खजूर आणि रात्रीच्या भाकऱ्या. ज्यांना उन्हाळ्यात हा उद्योग करायचा असेल त्यांनी यापेक्षा कमी पाणी घेऊ नये आणि दहाच्या आत चढ संपवावा. घरमालक वाट दाखवायला आले. मुले त्यांना काका म्हणू लागली.

उन्हाळ्यातले सागाचे जंगल पहिल्या नजरेला मेलेले वाटते. पानांचा खच, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. मधूनच कांडोळाचे झाड, पांढरेफटक, एकही पान नाही, अंधारात कोणी उभे असल्यासारखे. धाकटा त्याला घाबरून आमच्या मधे चालू लागला. पण पाने नाहीत म्हणूनच उन्हाळ्यात पक्षी दिसतात, हे अर्ध्या तासात कळले. पावशा एकसारखा ओरडत होता. 'पेरते व्हा' असे तो सांगतो म्हणतात, पण पाऊस यायला अजून महिना होता आणि खाली शेते भेगाळलेली. सातभाईंचे टोळके पानांत उलथापालथ करत पुढे पुढे जात होते. टकाचोर आला, लांब शेपूट हलवून गेला. मुलीच्या वहीत एका तासात अकरा नावे झाली.

काकांनी एक वारूळ दाखवले. एका बाजूने खणून पोखरलेले.

"अस्वल," ते म्हणाले.

"कधीचं?" आम्ही विचारले.

"परवाचं असेल. आता नाही इथं. मोहाच्या दिवसांत जपायला लागतं. बाया पहाटे फुलं वेचायला येतात, तेही फुलं खायला येतं. दोघांची गाठ पडली की वाईट." एवढे बोलून ते चालू लागले. आम्ही मात्र पुढची दहा मिनिटे मुलांचे हात सोडले नाहीत.

नाल्याच्या वळणावर झिरा होता. वाळूत हातभर खड्डा खणलेला, तळाशी स्वच्छ पाणी. दगडांत पाझरणाऱ्या या पाण्यावर आख्खे जंगल मे महिना काढते. कडेच्या ओल्या मातीत पावलांचे ठसे होते. धाकट्याने लगेच बिबट्या जाहीर केला. काकांनी काटकीने ठशापुढच्या बारीक टोचा दाखवल्या. बिबट्या मांजरीच्या जातीचा, चालताना नखे आत ठेवतो. ही नखे उमटली आहेत. पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा आहे. हे तरस. मुलीने 'बिबट्या' लिहायला उचललेले पेन थांबवले आणि 'तरस (ठसे)' असे लिहिले. धाकट्याचा विरस झाला. गावात जाऊन बिबट्या सांगता आला असता.

तिथेच पाण्यावर एक पक्षी आला आणि सगळे गप्प झालो. पांढराशुभ्र, डोके काळे-निळे, आणि शेपटीला दोन लांब फिती. फिती अंगापेक्षा कितीतरी लांब. पाण्याला चाटून तो वर गेला तेव्हा त्या हवेत लहरल्या. स्वर्गीय नर्तक. माशाअल्लाह, इतके सुंदर काही आपल्या तालुक्याच्या इतक्या जवळ राहते आणि आपण लग्नाच्या हॉलवर विजेच्या माळा लावत बसतो.

झिऱ्याजवळच्या सावलीत भाकरी खाताना आम्ही मुलांना त्या घुबडाची गोष्ट सांगितली. आम्हीही ती चार दिवसांपूर्वीच नीट वाचली होती. वाचकांनाही सांगतो, कारण ती आपल्या मातीतली आहे.

या घुबडाचे नाव रानपिंगळा, काही जण वनपिंगळा लिहितात. 1873 मध्ये ह्यूम या इंग्रजाने त्याची पहिल्यांदा शास्त्रात नोंद केली. हा ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूमच. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला 1880 ते 1884 च्या दरम्यान शहादा-तळोदा भागात ही घुबडे मिळाली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मारून, पेंढा भरून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. 1884 नंतर रानपिंगळा कोणालाच दिसला नाही. अपवाद एकच, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. या मोठ्या नावाच्या लष्करी माणसाच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्यावरच्या चिठ्ठीत लिहिले होते, मांडवी, 1914.

मांडवी आपल्याला माहीत आहे, सुरत जिल्ह्यातले तापीकाठचे गाव. तीच तापी आपल्या प्रकाशावरून जाते. लोकांनी मांडवीत शोधले, मिळाले नाही. सालिम अली आणि अमेरिकेचे डिल्लन रिप्ले यांच्यासारख्यांनाही 1970 च्या दशकात रानपिंगळा सापडला नाही. पक्षी संपला, असे जग समजून चालले.

मग 1990 च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी माइनर्ट्झहागेनच्या संग्रहाची कसून तपासणी केली. मांडवीचा तो नमुना मुळी डेव्हिडसनचा होता, हे उघड झाले. कर्नलसाहेबांनी तो ब्रिटिश म्युझियममधून चोरला, उसवून पुन्हा शिवला आणि वर स्वतःची खोटी चिठ्ठी बांधली. म्हणजे मांडवीत तो पक्षी त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. हे कळल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवी सोडून दिली आणि डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची जुनी ठिकाणे धरली. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. दिवसाढवळ्या. 113 वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालासुद्धा नव्हता, तो 1 जुलै 1998 ला झाला. पक्षी धुळे जिल्ह्यात सापडला आणि पुढच्या वर्षी न हलता नंदुरबारचा झाला.

"म्हणजे तो कर्नल खोटं बोलला म्हणून इतकी वर्षं?" मुलीने विचारले.

सगळी वर्षे त्याच्यामुळे नाहीत. नीट शोधणारेही थोडेच होते. पण चुकीच्या गावाकडे बोट त्याने दाखवले. आम्हांला वाईट वाटले ते सालिम अलींचे. मुंबईत 1896 मध्ये जन्मलेला हा यतीम मुलगा मामाच्या घरी वाढला आणि हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार झाला. 1937 मध्ये ते याच माइनर्ट्झहागेनबरोबर अफगाणिस्तानात पक्षी बघत फिरले होते. एकत्र प्रवास केलेल्या माणसाने बांधलेली चिठ्ठी खोटी असेल, असे कोणाच्या मनात येते? 20 जून 1987 ला सालिम अलींचे निधन झाले. घुबड दहा वर्षांनी सापडले.

सापडल्यानंतर त्याचा खोलवर अभ्यास केला तो सालिम अलींच्याच संस्थेने, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या जंगलात हिंडून त्याचा आवाज, घरटी, खाणे यांची नोंद केली. एक मुस्लिम मुलगी आपल्या डोंगरात घुबडांमागे फिरली, हे ऐकून आमच्या मुलीने वहीत तिचे नाव लिहून घेतले. पुढे मेळघाट, यावल, मध्य प्रदेश आणि मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही रानपिंगळा मिळाला. 2018 मध्ये जगाच्या यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त'वर आणले. ही सुधारणाच म्हणायची, पण एकूण पक्षी आजही फार थोडे आहेत. सपाटीवरचे जंगल शेतीखाली गेले, तळोद्याकडचे बरेचसे सरदार सरोवराच्या विस्थापितांना जमीन देण्यासाठी गेले. ज्यांचे गाव पाण्यात गेले त्यांनी कुठे जायचे होते, हाही प्रश्न आहेच. त्यात जादूटोण्यासाठी घुबडे मारणारे वेगळे. कायद्याने हा गुन्हा आहे, पण रानात कायदा कोण बघतो?

काका हे सगळे ऐकत होते. त्यांनी विडी विझवून विचारले, "गोरे लोक तिकडून आले तेव्हा सापडलं म्हणता. आमच्या आजाला कोणी विचारलं होतं का?"

आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

उठून पाऊण तास चढलो असू. ऊन अंगात शिरू लागले होते. नाल्यापलीकडे वाळलेल्या सागाच्या शेंड्यावर काहीतरी होते. काकांनी बोट केले नाही, फक्त थांबले. साळुंकीपेक्षा जरा मोठे, डोके गोल, छातीवर गडद पट्टा आणि खाली पोट पांढरे. दुर्बीण मुलीच्या हातात होती. पक्ष्याने शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे झटकली. आमच्याकडे बघितले, म्हणजे आम्हांला तसे वाटले. दुर्बीण आमच्या हातात येईतो उडून नाल्यात उतरला. सगळे मिळून अर्धे मिनिट.

"तोच!" धाकटा ओरडला. "रानपिंगळा! लिही!"

मुलगी लिहीना.

"लिही ना. दिवसा बसला होता. शेपूट हलवली."

"डोक्यावरचे ठिपके दिसले का तुला?" तिने विचारले. आपल्या गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळपास कोरी असते. पंख-शेपटीवर मात्र रुंद पट्टे आणि पाय चांगले जाड. "तो समोरून बसला होता. पाठ मी पाहिलीच नाही. आणि साधा पिंगळाही कधी दिवसा दिसतो."

आम्ही काकांकडे पाहिले. ते म्हणाले, "असा दिसतो इथं. नाव-बिव तुम्ही ठरवा."

खरे सांगायचे तर आमच्याही मनात होते की, लिहावे. इतके चाललो होतो. घरी जाऊन सांगायचे होते, फुफीजानना तर ठासून सांगायचे होते. आणि दहापैकी नऊ आणे तो तोच होता, असे आम्हांला आजही वाटते. पण तासाभरापूर्वी माइनर्ट्झहागेनची गोष्ट आम्हीच सांगितली होती. मुलीने बसून लिहिले: 'पिंगळा, एक. सागाच्या शेंड्यावर, सकाळी. पोट पांढरे. पाठ दिसली नाही. जात नक्की नाही.' धाकटा वरपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

वरच्या प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. शेवटचा चढ जीव काढणारा होता, पाणी संपत आले, एका वळणावर वानरांच्या टोळीने आमच्या खजुरांचा हिशेब चुकता केला. पठारावर पोहोचल्यावर वारा बदलला, खालच्यापेक्षा चांगलाच थंड. यशवंत तलावाच्या काठी जोहरची नमाज झाली आणि सगळे तिथेच झाडाखाली आडवे झालो. संध्याकाळच्या जीपने खाली.

दुसऱ्या दिवशी आमचूरची पिशवी घेऊन फुफीजानकडे गेलो. त्यांनी आमचूर हुंगला, चांगला आहे म्हणाल्या, किलोचा भाव विचारला. मग मुलीने वही उघडली. गोष्ट तिनेच सांगितली, डेव्हिडसन, कर्नल, खोटी चिठ्ठी, सालिम अली, सगळे. फुफीजान मधे मधे 'तौबा' म्हणत ऐकत होत्या.

"आणि तुला दिसलं का ते घुबड?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही, दादी," ती म्हणाली. "काहीतरी दिसलं. तेच होतं की नाही, मला सांगता येणार नाही."

फुफीजान बराच वेळ बोलल्या नाहीत. मगरिबची अजान झाली. नमाजनंतर परत अंगणात आल्या तेव्हा दोघे पिंगळे फांदीवर येऊन बसले होते आणि ढोलीच्या तोंडाशी एक राखाडी गोळा हलत होता. एक पिंगळा उडाला, कोठीच्या भिंतीपाशी खाली झेपावला आणि चोचीत काहीतरी घेऊन परत गेला. उंदीर होता की पाल, उजेड कमी असल्याने कळले नाही.

"त्या रात्री हे ओरडले होते, हे मात्र खरं," फुफीजान म्हणाल्या.

"हो, फुफीजान."

"रोजच ओरडत असतील. रोज मी कुठं जागी असते."

परवा लाकूडतोड्या आला होता. फुफीजाननी त्याला चहा पाजला आणि पिल्ले उडेपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून सांगितले. नंतरचे नंतर बघू, म्हणाल्या. त्याने पावसाळ्यात ओले लाकूड घेणार नाही असे सांगितले आहे, म्हणजे दिवाळीपर्यंत तरी विषय नाही. मुलगी रोज संध्याकाळी तिकडे जाते. तिच्या वहीत आता फुफीजानच्या निंबाचे एक वेगळे पान आहे आणि त्यावर काल तिने लिहिले आहे: 'पिल्ले, तीन. डोक्यावर ठिपके. साधा पिंगळा. नक्की.'